चेहरा पुन्हापुन्हा चरचरतो, लाल होतो: संवेदनशील त्वचेचे कारण कसे शोधावे

लक्षणे

तोंड धुतल्यावर काही मिनिटांतच गाल ओढल्यासारखे होतात. कालपर्यंत चालत आलेले क्रीम आज लावताच चुणचुणते. उन्हातून आल्यावर, गॅससमोर उभे राहिल्यावर किंवा गरम चहा घेतल्यावर चेहऱ्याची आग होते आणि ती लवकर उतरत नाही. नाकाच्या बाजूंना आणि हनुवटीवर बारीक सालपटे निघतात, पण त्याच वेळी कपाळ मात्र तेलकट असते. चार दिवस काहीच लावले नाही तर बरे वाटते आणि नवे काही लावले की सारे पहिल्यापासून सुरू होते. यांपैकी दोन-तीन गोष्टी महिनोन्‌महिने आलटून पालटून होत असतील, तर पुढच्या तपासण्या दिलेल्या क्रमाने कराव्यात.

आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर लाली लालच दिसेल असे नाही. ती तांबूस, गडद तपकिरी किंवा जांभळट छटेची असते, तो भाग हाताला गरम लागतो आणि त्रास शमल्यावर तेथे काळसर डाग मागे राहतो. काही जणांच्या बाबतीत तर डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि तरीही आग खरी असते. इतरांना ज्या गोष्टींचा त्रास होत नाही त्यांनी आग, चुणचुण, खाज किंवा वेदना होणे हेच संवेदनशील त्वचेच्या वैद्यकीय व्याख्येत महत्त्वाचे मानले आहे. लाली दिसलीच पाहिजे अशी अट त्यात नाही. त्यामुळे ‘काही दिसत तर नाही’ असे म्हणून घरच्यांनी ही तक्रार उडवून लावू नये.

मी औषधनिर्माता आहे, डॉक्टर नव्हे. तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात बसत असल्यामुळे ही तक्रार सतत कानावर येते आणि ती घेऊन येणारी व्यक्ती जवळजवळ नेहमीच ‘एखादे चांगले क्रीम द्या’ असे म्हणत येते. अशा चेहऱ्यावर बहुतेक वेळा एखादी वस्तू आधीच जास्त झालेली असते. ती ओळखून काढून टाकणे हे खरे काम आहे, आणि त्याला फारसा खर्च येत नाही.

या खुणा असतील तर पुढे न वाचता डॉक्टरांकडे जावे

ओठ, जीभ किंवा पापण्या झपाट्याने सुजत असतील, श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा चक्कर येत असेल, तर वेळ न दवडता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. चेहऱ्याच्या एकाच बाजूला, विशेषतः कपाळावर किंवा डोळ्याजवळ, ठणकणारे पाण्याचे फोड आले असतील तर ती नागीण असू शकते; डोळ्याला इजा होण्याचा धोका असल्यामुळे त्याच दिवशी तपासून घ्यावे. मधाच्या रंगाची खपली, पू किंवा ताप हे जंतुसंसर्गाचे लक्षण आहे. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या पुलावर चट्टा उठला असून त्यासोबत सांधे दुखणे, तोंडात फोड येणे, केस गळणे किंवा अंगात कणकण राहणे असे काही असेल, तर विषय केवळ त्वचेपुरता राहत नाही. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावरील चट्ट्यांसाठीही या लेखातले प्रयोग करू नयेत.

पहिली तपासणी: कपाटातली नळी वाचणे

ही तपासणी फुकट आहे, पाच मिनिटांत होते आणि पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे, म्हणून ती सर्वांत आधी करावी. गेल्या वर्षभरात चेहऱ्याला लावलेल्या सर्व नळ्या, डब्या आणि बाटल्या एका ठिकाणी मांडाव्यात व त्यांवरील घटकांची नावे उजेडात वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, हॅलोबेटासॉल यांपैकी एखादे नाव सापडले, तर तुम्ही चेहऱ्याला स्टेरॉइड लावत आहात. खोक्यावर ‘आरएक्स’ ही खूण असेल, तर ते मलम चिठ्ठीशिवाय विकण्याचे नाही, हेही लक्षात घ्यावे.

दुकानात येणाऱ्या काकू पदराच्या टोकाला बांधून आणलेली नळी काउंटरवर ठेवतात. शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत ती नावापर्यंत आलेली असते, अक्षरे निम्मी पुसलेली असतात आणि मागणी एवढीच असते की ‘हेच द्या, यानेच गुण येतो’. बहुधा ते वांगावरचे मलम असते. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड अशी तीन औषधे एकत्र असतात. डॉक्टर ते मोजक्या आठवड्यांसाठी लिहून देतात, पण चिठ्ठी तीच राहते आणि नळ्या मात्र वर्षानुवर्षे बदलत जातात. कधी ते चिठ्ठीशिवायच शेजारणीकडून किंवा बहिणीकडून आलेले असते. याच कारणासाठी केंद्र सरकारने २०१८ साली बाह्य वापराच्या आणखी चौदा स्टेरॉइडांचा समावेश अनुसूची ‘एच’मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, केला.

स्टेरॉइडाने चेहरा का बिघडतो, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय नळी सोडण्याचा धीर होत नाही. हे औषध दाह दाबते आणि त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत चेहरा उजळ व नितळ दिसतो. दीर्घकाळ वापरल्यावर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसू लागतात, लव वाढते, पुटकुळ्या येतात आणि ऊन सहन होईनासे होते. मग औषध बंद केले की आकुंचित राहिलेल्या वाहिन्या एकदम फुगतात आणि काही दिवसांत चेहरा पूर्वीपेक्षाही अधिक लाल होऊन भडकतो. माणूस घाबरून पुन्हा तीच नळी लावतो, लगेच आराम पडतो आणि ‘हे मलम मला सोसते, बाकी काही सोसत नाही’ असा समज पक्का होतो. संवेदनशील त्वचा म्हणून माझ्यासमोर येणाऱ्या कित्येक चेहऱ्यांमागे हेच चक्र असते.

असे मलम काही महिने लावले गेले असेल, तर घरगुती तपासणी येथेच थांबवावी आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते मलम एकदम सोडायचे की कमी ताकदीच्या औषधावर आणून सावकाश सोडायचे, मधल्या काळात दाह आवरण्यासाठी स्टेरॉइड नसलेले कोणते औषध द्यायचे, हा निर्णय त्यांचा आहे. भडकण्याचा तो काळ आठवड्यांचा असतो, क्वचित महिन्यांचाही असतो, आणि तो एकट्याने काढणे फार कठीण जाते.

याच तपासणीत दुसरी एक वस्तू सापडू शकते: घटकांची यादीच नसलेली, उत्पादकाचा पत्ता नसलेली, गोरेपणाची हमी देणारी डबी. अशा क्रीममध्ये पारा सापडल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत आणि त्यामुळे मूत्रपिंडाचे विकार झाल्याची नोंद केरळातील डॉक्टरांनी केली आहे. अशी डबी वापरात असेल तर ती ताबडतोब बंद करावी आणि पायावर किंवा चेहऱ्यावर सूज असेल, लघवीला फेस येत असेल, तर लघवी व रक्त तपासून घ्यावे.

दुसरी तपासणी: तोंड धुण्याची रीत

नळ्यांमध्ये काही सापडले नाही, तर पुढची फुकट तपासणी मोरीत करावी. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या मृत पेशी आणि त्यांच्या फटी बुजवणारी सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले. हा थर शाबूत असेल तर आतले पाणी आत राहते आणि बाहेरची त्रासदायक द्रव्ये बाहेर. कढत पाणी, पुन्हापुन्हा धुणे आणि घासणे या तिन्हींमुळे फटींतला मेद निघून जातो, मग पाणी उडून त्वचा कोरडी पडते आणि संवेदना वाहून नेणाऱ्या नसांच्या टोकांपर्यंत साधे क्रीमसुद्धा पोहोचू लागते. कालचे क्रीम आज चुणचुणण्यामागे क्रीम बिघडलेले नसते, वरचा थर फाटलेला असतो.

म्हणून दोन आठवडे एवढेच बदलून पाहावे: पाणी कोमट किंवा साधे घ्यावे, दिवसातून दोनदाच धुवावे, बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने धुवावे आणि मऊ सुती कापडाने नुसते टिपून घ्यावे. घासणी, दाणेदार स्क्रब, वाफ घेणे आणि चेहऱ्याचे ब्लीच पूर्ण बंद ठेवावे. डोक्यावरून आंघोळ करताना शॅम्पूचा फेस चेहऱ्यावरून ओघळतो, तेव्हा केस मागे टाकून धुवावेत आणि चेहरा शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावा.

तिसरी तपासणी: स्वयंपाकघरातून आलेले उपाय

हा विषय नाजूक आहे, कारण हे उपाय आई-आजीच्या प्रेमातून आलेले असतात. तरीही चेहरा चरचरत असताना त्यांचा परिणाम काय होतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. निरोगी त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ४.५ ते ५.५ असतो. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो आणि खाण्याच्या सोड्याचा ८ च्या वर. दोन्ही टोके फाटलेल्या थराला झोंबतात. लिंबू लावून उन्हात गेल्यास रसातील द्रव्यांवर ऊन पडून भाजल्यासारखे फोड व काळे पट्टे उठू शकतात. लसूण चोळल्याने त्वचा खरोखर भाजते. मुरुमावर लावलेल्या टूथपेस्टमधील फेस आणणारी द्रव्ये व पुदिन्याचा अर्क जळजळ वाढवतात. बेसन, मसूर डाळीचे पीठ किंवा उटणे यांत वस्तू म्हणून दोष नसला तरी ती चोळून काढावी लागतात आणि ते चोळणे आत्ता नको असते. ग्लिसरीन, गुलाबपाणी व लिंबू यांचे घरोघरी ठेवलेले मिश्रणही या काळात बाजूला ठेवावे. त्यातले ग्लिसरीन उत्तम आहे, पण लिंबू आणि सुगंध नको आहेत.

तेलांबद्दल नेहमी विचारले जाते. खोबरेल तेल कोरड्या अंगाला अनेकांना सोसते. मात्र नाकाच्या बाजूंना, भुवयांत आणि कानांमागे पिवळसर, तेलकट कोंडा धरत असेल, तर चेहऱ्याला कोणतेही तेल लावू नये, कारण त्या विकारात सहभागी असलेली बुरशी त्वचेवरच्या मेदावरच वाढते. ऑलिव्ह तेल महाग असल्यामुळे चांगले समजले जाते, परंतु त्यातील ओलेइक आम्ल वरच्या थराची बांधणी विस्कळीत करते. चरचरणाऱ्या चेहऱ्याला ते लावू नये.

चौथी तपासणी: साबण आणि पाणी

येथून थोडा खर्च सुरू होतो. नेहमीच्या साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० असतो. साबण विकत घेताना लोक वेष्टनावर ‘टीएफएम’, म्हणजे साबणातील एकूण मेदाचे प्रमाण, पाहतात. पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान ७६ टक्के असते आणि अशी वडी तुलनेने मऊ लागते हे खरे आहे, पण ती अल्कधर्मीच असते. ‘ग्लिसरीनयुक्त’, ‘हर्बल’ किंवा ‘बाळांसाठी’ असे लिहिल्याने हा सामू बदलत नाही. चेहऱ्यासाठी साबणरहित, सुगंधरहित, त्वचेच्या सामूच्या जवळपास असलेले क्लेन्झर घ्यावे आणि तेही संध्याकाळी एकदाच वापरावे. सकाळी नुसते पाणी पुरते. अंगाला साबण लावतानाही तोच फेस सवयीने चेहऱ्यावर फिरतो, तेवढे टाळावे.

बोअरच्या पाण्याचा प्रश्न मराठवाड्यात आणि कमी पावसाच्या इतर तालुक्यांत फार येतो. बादलीच्या आत पांढरा थर बसतो, साबणाचा फेस होत नाही, केस राठ होतात, अशी ती तक्रार असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने एकूण कठिणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम ठेवली आहे. उन्हाळ्यात खोल गेलेल्या बोअरचे पाणी याच्याही पुढे जाऊ शकते. अशा पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारी साय तयार करतात आणि ती चेहऱ्यावर चिकटून राहते. साबण बंद केला की ही साय बनणेच थांबते, त्यामुळे पाण्यावर खर्च करण्याआधी साबण बदलावा. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा घेऊन चेहरा धुवावा, एवढ्याने पुष्कळांना फरक पडतो. पाणी मृदू करणारे महागडे यंत्र मात्र केवळ त्वचेसाठी घेऊ नये. इसब असलेल्या तीनशेहून अधिक मुलांच्या घरी असे यंत्र बसवून ब्रिटनमध्ये एक चाचणी झाली होती, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही.

पाचवी तपासणी: चार आठवडे चेहरा मोकळा ठेवणे

वरच्या बदलांनी निम्मा फरक पडला आणि उरलेला त्रास तसाच राहिला, तर त्याचे कारण बहुधा प्रसाधनांत असते. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्ल, टोनर, सुगंधी लोशन, शीट मास्क, मेकअप हे सारे एकाच दिवशी बंद करावे. एकेक करून बंद केल्यास कोणत्या वस्तूने त्रास होता हे कधीच कळत नाही, कारण उरलेल्या वस्तू थर पुन्हा फाडत राहतात. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मात्र त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

या काळात तीनच वस्तू राहू द्याव्यात. पहिली वर सांगितलेले क्लेन्झर. दुसरी सुगंध नसलेले, ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेले साधे मॉइश्चरायझर. ते चेहरा टिपल्यावर ओलसर असतानाच लावावे, म्हणजे ते पाणी आत धरून ठेवते. थंडीत गाल फाटत असतील तर रात्री त्यावर पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवावा. ती कमी किमतीची असते, म्हणून लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नाही, पण सुगंध व परिरक्षक नसलेली इतकी निरुपद्रवी वस्तू दुकानात दुसरी सापडणे कठीण आहे. फक्त मुरुमे येणाऱ्या जागी ती लावू नये. तिसरी वस्तू ऊन अडवणारी. डोक्यावर रुंद टोपी किंवा सैल सुती ओढणी, आणि सोसल्यास झिंक ऑक्साइडचे किमान एसपीएफ ३० असलेले सनस्क्रीन, जे चेहरा व मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लागते.

खरेदी करताना ‘सुगंधरहित’ आणि ‘वास नसलेले’ यांत फरक करावा, कारण दुसऱ्या प्रकारात मूळ वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ हा शब्द कोठेही असेल, तर ती वस्तू परत ठेवावी. युरिया असलेले क्रीम टाचांना उत्तम असते, परंतु फाटलेल्या चेहऱ्याला ते झोंबते.

चार आठवडे एवढ्यासाठी, की त्वचेचा वरचा थर नव्याने तयार व्हायला साधारण तेवढा काळ लागतो. आठवड्यात बरे वाटले म्हणून जुने सारे परत सुरू करणे हे त्रास पुन्हा येण्याचे सर्वांत सामान्य कारण मी पाहतो. नवीन थर तयार होत असतानाच त्याच्यावर पुन्हा आघात होतो आणि ‘काहीच लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

सहावी तपासणी: चेहऱ्याला न लावलेल्या वस्तू

चेहऱ्यावर काहीच नसताना चट्टे येत असतील, तर चट्टा कोठे आहे ते बारकाईने पाहावे. जागा पुष्कळ सांगते. येथे दोन प्रकारांतला फरक कळला पाहिजे. क्षोभाची आग लावल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत होते आणि ती कोणालाही होऊ शकते. अ‍ॅलर्जीचा चट्टा एक ते तीन दिवसांनी उठतो, खाज जास्त असते आणि तो त्या वस्तूची अ‍ॅलर्जी झालेल्यालाच येतो. या उशिरामुळे कारण हातून निसटते: रविवारी केस रंगवले असतात आणि मंगळवारी उठलेल्या खाजेचा दोष मंगळवारच्या फेसवॉशला दिला जातो.

केसांच्या कडेने, कानांच्या पाळ्यांवर, मानेवर आणि पापण्यांवर चट्टा असेल, तर केसांचा रंग तपासावा. काळ्या रंगांत पॅराफेनिलिनडायअमिन हे द्रव्य असते, ज्याला लोक ‘पीपीडी’ म्हणतात, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते सर्रास असते. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस-केशरीच येतो. काळाभोर रंग देणाऱ्या पुडीत दुसरे काही आहे हे नक्की समजावे. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की साधारणपणे आयुष्यभर राहते आणि प्रत्येक वेळी वाढत जाऊ शकते, म्हणून ‘थोडाच लावते’ हा मार्ग येथे चालत नाही.

फक्त पापण्या सुजत व खाजत असतील तर नखे पाहावीत. नेलपॉलिशमधील राळेची अ‍ॅलर्जी बोटांना न होता पापण्या, गाल आणि मानेवर होते, कारण तेथली त्वचा पातळ असते आणि हात दिवसभर तेथे जात असतात. दुकानात आलेल्या एका ताईंचे डोळे महिनोन्‌महिने सुजत होते आणि त्यांनी काजळ, चष्मा, उशी सारे बदलून पाहिले होते. मी बोट दाखवले ते त्यांच्या ताज्या रंगवलेल्या नखांकडे, आणि पुढे त्वचारोगतज्ज्ञांच्या पॅच टेस्टमध्ये, म्हणजे पाठीवर द्रव्ये चिकटवून केलेल्या अ‍ॅलर्जीच्या चाचणीत, तेच निघाले.

कपाळाच्या मधोमध गोल चट्टा किंवा पांढरा डाग पडत असेल, तर टिकलीचा गोंद कारण असतो. डाग पांढरा होऊ लागला असेल तर टिकली त्याच दिवशी थांबवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. कानाच्या पाळीला व चष्म्याच्या दांडीखाली खाज असेल तर खोट्या दागिन्यांतले निकेल पाहावे. आंघोळीच्या पाण्यात रोज जंतुनाशक द्रव टाकण्याची सवयही सोडावी. त्याने संवेदनशील त्वचेचे भले होत नाही. जखमेवरच्या निओमायसिन किंवा नायट्रोफ्युराझोनच्या मलमाची अ‍ॅलर्जीही आपल्याकडे बरीच आढळते, त्यामुळे चट्ट्यावर ते लावून चट्टा वाढला तर पुन्हा लावू नये.

सातवी तपासणी: शिवार आणि परसबाग

शेतात काम करणाऱ्यांच्या बाबतीत मी ही तपासणी खरे तर आधी करतो. चेहरा, पापण्या, मानेची घडी आणि कोपरांच्या आतल्या बाजू यांना एकाच वेळी जाड, खाजरे चट्टे आले असतील आणि पावसाळ्यात ते वाढत असतील, तर गाजरगवत हे पहिले कारण मानावे. हे गवत भारतात १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ प्रथम नोंदले गेले आणि आज ते बांध, पडीक रान, रस्त्याची कड असे सर्वत्र आहे. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या गवताच्या धुरळ्यातून अंगावर येते, त्यामुळे गवताला हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो. ज्याला ही अ‍ॅलर्जी आहे त्याने गवत उपटायला जाऊ नये आणि ते पेटवलेल्या जागेजवळ थांबू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, शेतातून येताच चेहरा व हात धुवावेत आणि कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नयेत. हा विकार जुना झाला की ऊनही सोसेनासे होते, म्हणून यात मलमावर वेळ न काढता तज्ज्ञांना दाखवणे हिताचे असते.

बिब्ब्याचे तेल, कोकणात काजूच्या टरफलातले तेल आणि आंब्याचा चीक ही एकाच कुळातील झाडांची देणगी आहे. त्यांनी भाजल्यासारखे फोड येतात. बिब्बा कोणत्याही दुखण्यावर चेहऱ्याजवळ लावू नये.

आठवी तपासणी: बंद केलेल्या वस्तू परत आणणे

चार आठवड्यांनी चेहरा शांत झाला असेल, तरच हे करावे. ज्या वस्तूची उणीव खरोखर जाणवते अशी एकच निवडावी. तिचा थोडासा भाग कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, निदान सात दिवस लावावा. एकदाच लावून पाहिल्याने अ‍ॅलर्जी उघड होत नाही, कारण ती उशिरा येते. काही झाले नाही, तर कानाखाली जबड्याच्या कडेला तीन-चार दिवस लावून पाहावे आणि मग चेहऱ्यावर. दुसरी वस्तू आणण्यापूर्वी किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. धुऊन टाकायच्या वस्तू, म्हणजे फेसवॉश किंवा केसांचा रंग, अशा तऱ्हेने हातावर दिवसभर ठेवू नयेत. त्यांनी निरोगी त्वचेलाही इजा होते. केसांच्या रंगाने पूर्वी कधी चट्टा आला असेल, तर ही चाचणी घरी करूच नये.

कोठे थांबावे आणि डॉक्टरांकडे काय न्यावे

पाचवी तपासणी नीट पाळूनही चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर प्रयोग थांबवावेत. तेव्हा तो दुसरा विकार असण्याची शक्यता वाढते. गालांच्या मध्यभागी येणारी, गरम-तिखटाने भडकणारी लाली रोझेशिया असू शकते. कडा उठावदार असलेला, पसरत जाणारा गोल चट्टा गजकर्ण असू शकतो, आणि त्याला स्टेरॉइड व बुरशीनाशक यांचे मिश्र मलम लावले गेले असेल तर त्याची ओळखीची कडाही नाहीशी होते. असा चट्टा खरवडून त्यातली बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. पण त्याआधी घरीच बुरशीनाशक लावलेले असेल तर तपासणी फसते, म्हणून भेटीच्या आधीच्या दिवसांत दुकानातून असे मलम नेऊ नये. त्वचारोगतज्ज्ञ खासगी दवाखान्यांप्रमाणेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही असतात आणि तेथे बाह्यरुग्ण विभागाचा खर्च अगदी कमी असतो.

जाताना सर्व नळ्या, डब्या आणि त्यांची खोकी पिशवीत घालून न्यावीत. ‘एक पांढरे मलम होते’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांना काही करता येत नाही. शरम वाटते म्हणून गोरेपणाची डबी घरी ठेवून जाऊ नये. भेटीच्या दिवशी चेहरा नेमका शांत असतो, म्हणून भडकलेल्या दिवशी खिडकीच्या उजेडात, कोणतेही फिल्टर न वापरता फोटो काढून ठेवावेत. त्या सकाळी चेहऱ्याला काहीही लावू नये.

डॉक्टरांनी पॅच टेस्ट सुचवली, तर पाठीवर छोट्या चकत्यांखाली निरनिराळी द्रव्ये ४८ तास चिकटवून ठेवतात आणि पट्टी काढताना एकदा व त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा एकदा पाठ पाहतात. दुसरी फेरी चुकवल्यास उशिरा उठणारी अ‍ॅलर्जी नोंदली जात नाही, तेव्हा बाहेरगावाहून जाणाऱ्यांनी सुट्टी त्या हिशेबाने काढावी. तोवर पाठ भिजू देऊ नये, घाम येईल असे काम टाळावे, आधीचा आठवडाभर पाठीला स्टेरॉइडचे मलम लावू नये आणि पोटात घेत असलेल्या गोळ्यांची, विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्यांची, माहिती तपासणीची तारीख ठरवतानाच द्यावी.